म्हातारीचा अकरावा हिवाळा

१४ नोव्हेंबर

धाकटे,

आशीर्वाद, खुशाली वगैरे शेवटी लिहीन, जागा उरली तर. आधी भांडण.

आज दुपारी दुकानात एक गृहस्थ चष्मा न्यायला आले होते. जवळचा नवा नंबर. मी आत मशीनवर काच घासत होते. मालकांनी नेहमीप्रमाणे कुठल्याशा पेपरची रविवारची पुरवणी त्यांच्या हातात दिली आणि वाचून बघायला सांगितलं. गृहस्थ मोठ्याने वाचायला लागले. "थंडी पडायच्या आत मिरचीचं झाड छाटायचं. हात आखडता घ्यायचा नाही. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, या बाईचं झाडाशी जुनं वैर आहे." मी मशीन बंद केलं. हे वाक्य माझं आहे. गेल्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून, याच स्टुलावर बसून मी ते तुला लिहिलं होतं.

मी बाहेर गेले आणि त्यांना म्हटलं, पुढे वाचा. त्यांना वाटलं मी नंबर तपासते आहे. बिचाऱ्यांनी सगळं वाचून दाखवलं. कच्चे टोमॅटो पेपरात गुंडाळून पलंगाखाली ठेवायचे, ते. तेलाच्या डब्यात लसणाची पात लावायची, ते. हिवाळ्यात माश्या-भुंगे फिरकत नाहीत म्हणून मिरचीच्या फुलांवरून मऊ ब्रश फिरवायचा, तेसुद्धा. आणि तो ब्रश काचा पुसायचा आहे हे मात्र तू गाळलंस, कारण तुझ्याकडे काचा पुसायचा ब्रश कुठून येणार? शेवटी तुझं नाव होतं, फोटोही होता. सदराचं नाव 'आईची बाल्कनी'. गृहस्थ म्हणाले, अक्षर एकदम स्पष्ट दिसतंय, आणि बाई लिहिते छान.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळपर्यंत मी दोन काचा फोडल्या. सतरा वर्षांत माझ्या हातून इतक्या फुटल्या नसतील.

चार वर्षांपूर्वी तू त्या शहरात गेलीस आणि पहिल्याच महिन्यात लिहिलंस की ताई, मला करमत नाही, आईबद्दल लिहीत जा, बाल्कनीबद्दल लिहीत जा, अगदी बारीकसारीकसुद्धा. मी मूर्ख. मला वाटलं तुला घराची आठवण येते. दर पंधरा दिवसांनी मी लिहीत गेले. आई पानांवरचा मावा कशी अंगठ्याने चिरडते आणि चिरडताना त्याला काय काय बोलते, पालकाच्या टबावर जुन्या खिडकीची काच कशी ठेवते, सगळं. तू नवव्या मजल्यावर राहतेस, घरात एक कुंडी नाही. आणि सदरात लिहितेस, "आज सकाळी मी आणि आई बाल्कनीत बसलो होतो."

तू आणि आई. मी कुठे गेले? चार वर्षं त्या बाल्कनीत रोज कोण बसतंय? गोणपाट कोण आणतं, कुंड्या कोण उचलतं, आईचे गुडघे कोण चोळतं? तुझ्या लेखात मी एका ओळीपुरतीही नाही. मेले असते तर निदान उल्लेख तरी आला असता.

याचं उत्तर पाठव. फोन करू नकोस, तुझा फोन मी घेणार नाही.

ताई


२९ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, म्हणजे दोनदा संताप झाला.

तू म्हणतेस की मी ते छापायला कधीच दिलं नसतं, ते पत्रातच पडून राहिलं असतं, तू त्याला फक्त रूप दिलंस. कसलं रूप? माझी ओळ उचललीस आणि माझं नाव पुसलंस, याला रूप देणं म्हणतात? आणि पुढे लिहितेस की आई आपल्या दोघींची आहे, तुझी एकटीची नाही. बरोबर आहे. मग चार वर्षांत दोघींपैकी एक इथे किती वेळा आली? एकदाही नाही. दर वेळी काहीतरी निघतं.

मी आईला सगळं सांगून टाकणार होते. तुझा कात्रणांचा गठ्ठा आधीच आईकडे पोचलाय हे मला माहीत नव्हतं. गुपचूप पाठवत होतीस ना, खालच्या शिवणवाल्या काकूंच्या पत्त्यावर? 'आईला सरप्राईज' म्हणे. काकू दर आठवड्याला वर येऊन देतात आणि दोघी मिळून कौतुक करतात. मी घरी आल्यावर ते सगळं उशीखाली जातं, कारण तुझा विषय निघाला की मी तोंड वाकडं करते. हे आईनेच मला सांगितलं. आणि वाचते कशाने, माहितीये? मी अवघड नंबराच्या तिच्या डोळ्यांसाठी तीन वेळा काच बदलून जो चष्मा करून दिला, त्याने. पूर्वी मी वाचून दाखवायचे. आता बाई स्वतः वाचतात.

मला म्हणाली, बघ, इतकी लांब राहून तिच्या किती लक्षात आहे. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तिच्या चेहऱ्याकडे बघून माझी जीभ उचलेना. त्याचाही मला राग आला, तुझा आला, तिचा आला आणि माझा सगळ्यात जास्त.

बाल्कनीबद्दल मी आता काही लिहिणार नव्हते. पण म्हातारीबद्दल, आईच्या त्या जुन्या मिरचीबद्दल लिहिते, कारण तुझ्या लेखात तिच्याबद्दल जे आहे ते अर्धवट आहे. तू लिहिलंस, 'आईचं एक आवडतं जुनं मिरचीचं झाड.' नुसतं आवडतं म्हणून भागत नाही. आई कारखान्याच्या कँटीनमधून सुटली, बत्तीस वर्षांची नोकरी संपली, त्यानंतरचे ते सहा महिने तू हॉस्टेलवर होतीस. तुला दिसले नाहीत. आई नऊ-नऊ वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडायची. उठून काय करू, असं विचारायची. मग एका बंद होणाऱ्या रोपवाटिकेबाहेर फेकून दिलेलं एक काटकुळं रोप तिने उचलून आणलं. ते जगवायचं म्हणून ती पुन्हा सहाला उठायला लागली. मिरची हिवाळ्यात मरते असं सगळे म्हणायचे. हिने छाटून, गुंडाळून, जवळजवळ कोरडी ठेवून पहिला हिवाळा काढला, मग दुसरा. आता अकरावा आहे. खोड माझ्या मनगटाएवढं झालंय. त्याच्या बिया आईने कितीदा लावल्या, पण बाल्कनीत बाकीच्या जातींच्या मिरच्यांचीही फुलं असतात, त्यामुळे बी लावलं की दर वेळी वेगळीच मिरची येते. म्हातारी एकच आहे.

म्हणून सांगते, तिला तरी तुझ्या पुरवणीत नाचवू नकोस.

ताई


८ डिसेंबर

प्रिय धाकटे,

मागची दोन्ही पत्रं रागात लिहिली. आता राग गेलाय. बहिणी-बहिणींत किती ताणायचं?

मी विचार केला. तू लिहितेस म्हणून लोक वाचतात, माझं कोण छापणार होतं? माझी पत्रं तुझ्या उपयोगी पडत असतील तर चांगलंच आहे. म्हणून आज मुद्दाम एक गोष्ट कळवते, जी मी आजवर कुणालाच सांगितली नाही. कडाक्याची थंडी पडली की मिरचीची मुळं आतून गोठतात. त्यावर साधा उपाय आहे. तांब्याभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा मीठ विरघळवायचं आणि सलग आठवडाभर, रोज, मुळाशी घालायचं. बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे पाणी गोठत नाही. हेही तसंच आहे. झाड जुनं असेल तर मीठ जास्त घालायचं, कारण जुन्या झाडाला थंडी जास्त बाधते.

तुझ्या वाचकांना उपयोग होईल. थंडी वाढायच्या आत छापलंस तर बरं.

इकडे सगळं ठीक. लसणाची पात दुसऱ्यांदा कापली. काळजी घे.

तुझी ताई


२२ डिसेंबर

धाकटे,

छापलंस. शब्द न शब्द छापलंस. 'आईने मला लहानपणी शिकवलेली युक्ती' असं वर शीर्षकही दिलंस. लहानपणी आपल्याकडे साधी तुळसही नव्हती गं, खिडकी भिंतीकडे उघडायची.

आता ऐक. ती युक्ती खोटी आहे. मिठाच्या पाण्याने झाडं मरतात. हे कुंडीत बोट घातलेल्या कुठल्याही माणसाला कळतं. तुला कळलं नाही, कारण तुझं बोट कधी मातीत गेलंच नाही. मी मुद्दाम लिहिलं होतं. आता तुझ्या वाचकांच्या मिरच्या सुकतील, ते तुला पत्रं लिहितील, तुझ्या संपादकांना लिहितील, आणि मग तुला सांगावं लागेल की तुझ्याकडे बाल्कनी नाही, कुंडी नाही आणि ते सगळं दुसऱ्याच कुणाचं आहे. मला एवढंच हवं होतं.

तू मागच्या आठवड्यात पाठवलेलं कार्डही मिळालं. ताई, तू मला माफ केलंस, मी रडले, असं लिहिलं होतंस. ते वाचून मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तेव्हा अंक छापायला गेला होता, आणि खरं सांगायचं तर मी थांबवला नसता.

आईची काळजी करू नकोस. मी पुरवणी घरात येऊच दिली नाही. काल स्वतः खाली जाऊन काकूंकडचा अंकही मागून आणला, दुकानात पाहिजे म्हणून सांगितलं. आईने विचारलं, या आठवड्यात धाकटीचं काही आलं नाही का? मी म्हटलं, नाही, सुट्टीवर असेल.

आणि आता खरा उपाय लिहिते. तो तुझ्या नावाने छापायचा असेल तर छाप, लोकांची झाडं तरी वाचतील. कडाक्याच्या थंडीत मिरचीला पाणी जवळजवळ तोडायचं. पंधरा दिवसांतून एकदा, तेही अर्धी वाटी, उन्हाच्या वेळी. कुंडीला गोणपाट गुंडाळायचं, काचेपासून एक हात लांब ठेवायची. झाड मेल्यासारखं दिसेल. नखाने साल थोडी खरवडून बघायची. आत हिरवं असेल तर गप्प बसायचं. बहुतेकांना गप्प बसणं जमत नाही, म्हणून झाडं मरतात.

ताई


६ जानेवारी

धाकटे,

म्हातारीची तब्येत बरी नाही. खोडावर सुरकुत्या आल्यात. बाल्कनीच्या दाराची फट मोठी झालीय, तिथून वारा येतो, त्याने झालं असेल. या वर्षी थंडीही जास्त आहे.

हे वर लिहिलं ते खोडत नाही, राहू दे. मी तासभर असंच स्वतःला सांगत होते, ते तुलाही दिसू दे.

काल सकाळी मी गोणपाट सोडलं. मातीवर पांढरी साय धरली होती. मला वाटलं बुरशी. बोटाने उचलून जिभेला लावली. मीठ होतं. सगळ्या मिरच्यांच्या कुंड्या बघितल्या, सगळ्यांत तेच होतं. म्हातारीच्या कुंडीत सगळ्यात जाड थर होता.

मी आईला विचारलं. ती घाबरली. लहान मूल चोरी पकडल्यावर बघतं तशी बघायला लागली आणि मग भरभर सांगितलं. काकूंनी त्यांचा अंक मला दिला, पण तू त्यांच्या पत्त्यावर कात्रण वेगळं पाठवलं होतंस. नेहमीसारखंच. ते मी विसरले. गठ्ठ्याबद्दल मीच तुला नोव्हेंबरात बोलले होते, तरी विसरले. काकूंनी ते सोमवारी मी कामावर गेल्यावर वर आणून दिलं. आईने मी केलेल्या चष्म्याने वाचलं, उशीखाली ठेवलं, आणि मी रोज दाराबाहेर पडले की पाणी गरम करायला ठेवायची. आठवडाभर. बाकीच्यांना एकेक चमचा. म्हातारीला मूठभर, कारण जुन्या झाडाला थंडी जास्त बाधते, असं तू लिहिलं होतंस. असं मी लिहिलं होतं.

मी ओरडले गं तिच्यावर. अकरा वर्षं तू हे झाड जगवलंस, तुला एवढंही कळलं नाही, असं म्हटलं. ती म्हणाली, मलाही पहिल्या दिवशी विचित्रच वाटलं, पण धाकटी शिकलेली आहे, तिने कुठेतरी वाचलं असेल, मी काय आपली अंदाजाने करते. स्वतःच्या हातांपेक्षा तिने तुझ्या छापील ओळीवर जास्त विश्वास ठेवला. मला इतका राग आला की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

मग मी सुट्टी टाकली. म्हातारीला कुंडीतून काढलं, मुळं बादलीत धुतली, पाणी सात वेळा बदललं. नवी माती आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. मुळं तपकिरी झालीत आणि हातात घेतली की त्यांची साल निघते. पण खाली, मातीलगत, खोड खरवडलं तर आत अजून हिरवं आहे. बोटभर. तेवढं जगलं तरी पुरे, उन्हाळ्यात त्यातून फूट येईल. बाकीच्या मिरच्या गेल्या, त्यांचं मला काही नाही.

तू हे आईला फोनवर बोलू नकोस. आधी झाडाचं काय होतं ते बघू.

ताई


१५ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र आणि पुरवणी दोन्ही एकदमच आलं.

पत्रात म्हणतेस की तू दोन दिवस जेवली नाहीस, वाचकांची चाळीस पत्रं आली, संपादक चिडले आहेत, आणि ताई, तू असं कसं करू शकलीस? प्रश्न बरोबर आहे. मी करू शकले. मला त्या वेळी गंमत वाटत होती, हे लिहायची लाज वाटते तरी लिहिते.

पण पुरवणीत काय छापलंस? चौकटीत तीन ओळी. 'मागील एका अंकात छपाईच्या चुकीमुळे साखरेऐवजी मीठ असा उल्लेख झाला, क्षमस्व.' साखर? मिरचीला साखर? कोण सुचवतं तुला हे? म्हणजे आता लोक साखरेचं पाणी घालणार आणि कुंड्यांना मुंग्या लागणार. तुला एवढं सांगवलं नाही की ही माझ्या बहिणीची पत्रं होती. छापखान्यातल्या कुणा अनोळखी माणसाच्या माथी मारून मोकळी झालीस. मी पत्रात खोटं लिहिलं, ते रागाच्या भरात. तू अंगलट येऊ नये म्हणून लिहिलंस. कोण जास्त वाईट हे ठरवत बसले तर हा कागद पुरणार नाही.

म्हातारीचं हिरवं आता नखाएवढं उरलंय.

ताई


२६ जानेवारी

धाकटे,

म्हातारी गेली. परवा सकाळी मी खोड अगदी मुळापर्यंत खरवडलं, सगळीकडे तपकिरी होतं. आई शेजारी उभी होती. आत जाऊन पडली.

त्यानंतर ती सहाला उठलेली नाही. काल सव्वानऊ झाले, आज साडेनऊ. भिंतीकडे तोंड. लसणाची पात मीच कापली. पालकाला मीच पाणी घातलं. तिला सांगितलं तर म्हणाली, घाल तू, मला काही कळत नाही त्यातलं, माझ्या हाताने झाड मेलं. गेल्या अकरा वर्षांत जे एकच काम आपल्याला येतं असं तिला वाटायचं, तेही आपल्याला येत नाही असं तिचं मत झालंय. मला भीती वाटते गं. झाडाची नाही. कँटीन सुटल्यावरचे ते सहा महिने मी पाहिलेत, आणि तेव्हा ती अकरा वर्षांनी लहान होती.

आणि तुझ्यावर तिने कसला म्हणजे कसलाही ठपका ठेवलेला नाही. मला बजावलं की धाकटीला कळवू नकोस, तिला वाईट वाटेल, तिने तर बरोबरच लिहिलं असणार, साखरच लिहिली असणार, छापणाऱ्याने घोळ केला, पण मला स्वतःची अक्कल नको होती का?

मग मला राहवलं नाही. मी पलंगावर तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. सदरातलं सगळं माझ्या पत्रांमधलं आहे, चार वर्षांपासून. मिठाचंही मीच लिहिलं, धाकटीची फजिती व्हावी म्हणून मुद्दाम लिहिलं. तुझं काही चुकलं नाही, आई, मी म्हातारीला मारलं.

ती उठून बसली. चष्मा लावून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता थोबाडीत देईल, आणि खरं सांगते, मला ती हवी होती. ती म्हणाली, "मेलेल्या झाडावरूनसुद्धा तुला तिच्याशी बरोबरी करायची आहे? तू कधी काय लिहिलंस गं?" आणि चष्मा काढून परत भिंतीकडे वळली.

मी काय दाखवणार तिला? पत्रं तुझ्याकडे आहेत, आणि तुझी उत्तरं मी रागाने फाडून टाकली. माझ्याकडे माझ्या हस्ताक्षरातला एक चिठोराही नाही. तिने मला उभ्या आयुष्यात किराणामालाच्या यादीपलीकडे काही लिहिताना पाहिलेलं नाही, कारण मी दुकानात बसून लिहायचे. माझ्या खरेपणाचा तिला काहीच पुरावा नाही. तुझ्या खोटेपणाचा मात्र दर रविवारी छापील पुरावा घरी येतो.

म्हणून आता मी तुला जे सांगते ते तू करायचं आहेस. विनंती नाही. आईला फोन करून सांगते, असं म्हणू नकोस. फोनवर तू रडशील, तुझं रडणं ऐकून ती तुझीच समजूत घालेल, आणि तुमच्या दोघींचं रडून झालं की विषय संपेल. मला तुझी माफी नको आहे, आणि मी तुझी मागतही नाही. आपल्या दोघींचं भांडण आपण पुढची वीस वर्षं चालवू, मला वेळ आहे. पण ती बाई स्वतःला खुनी समजून भिंतीकडे तोंड करून पडली आहे आणि माझं ती ऐकत नाही. छापलेलंच ऐकते.

तुझ्याकडे माझी जुनी पत्रं असतील. त्यातलं एक काढ, मिरची छाटायचं, आणि ते जसंच्या तसं छाप, काचा पुसायच्या ब्रशासकट. त्याच्याखाली आठ डिसेंबरचं छाप, मिठाचं. त्याच्याखाली बावीस डिसेंबरचं, ज्यात मी कबूल केलंय. आणि सगळ्यात शेवटी हे पत्र, एकही ओळ न गाळता. संपादक नाही म्हणाले तर नोकरी सोड, पण छापून घे. त्या पानावर तुझा फोटो नको. खाली माझं नाव हवं. नुसतं ताई नाही, पूर्ण नाव, आडनावासकट, आईला शंका राहील असं काही नको.

रविवारी मी स्वतः अंक आणून तिच्या हातात देणार आहे. चष्मा पुसून देणार आहे. तिचं शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होईतो मी समोरून हलणार नाही, मग ती मला घराबाहेर काढो की काहीही करो.

ताई